त्या गुरुवारचं इतिवृत्त

हेडिंग्टन, ऑक्सफर्ड
8 फेब्रुवारी

प्रिय दिन्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. तुझं पत्र दिवाळीच्या आधीचं आणि उत्तर आता फेब्रुवारीत. कारणं खूप आहेत, पण तुला एकही पटणार नाही, तेव्हा सोडून देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण तिथे तू दोन हात जोडलेले पाठवतोस आणि विषय संपतो. हा विषय तसा संपणारा नाही.

तब्येत ठीक. साखर वरखाली होते, गुडघा इथल्या थंडीत कुरकुरतो. तुझ्या वहिनींचं उत्तम चाललंय. नातवाला तेल लावताना तिला इथे कुणी अडवत नाही, त्यामुळे ती खूश. मी दुपारी बाबागाडी ढकलतो. एवढीच नोकरी.

आता मुद्दा. बारक्यानं महाविद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आपल्या मंडळाचा इतिहास माझ्याकडून मागितलाय. "तू चिटणीस होतास, तूच लिही," म्हणाला. मी हो म्हटलं. कारण एक तर बढाई मारायची संधी, आणि दुसरं म्हणजे मी बसलोय नेमका त्याच गावात. सर ज्या मंडळाचं नाव घेऊन आपल्याला चेव आणायचे, ते देवाधर्मावर वाद घालणारं सॉक्रॅटिक क्लब इथलं. माझ्या लेकीच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर हेडिंग्टन क्वारीचं चर्च आहे, आणि त्याच्या आवारात त्या मंडळाचा अध्यक्ष सी. एस. लुईस (तोच, नार्नियाच्या गोष्टी लिहिणारा) पुरलेला आहे, सख्ख्या भावासोबत एकाच थडग्यात. आडवी साधी शिळा. मी बाबागाडी घेऊन तिथे जातो, नातू झोपतो, मी कबरीशी उभा. कुणी पाहिलं तर म्हणेल म्हातारा भाविक झाला. तू तर म्हणशीलच.

सरांनी आपल्याला काय सांगितलं होतं आठवतंय ना? "ऑक्सफर्डमध्ये एक मोठा भाविक विद्वान होता, त्याला एका सिगार ओढणाऱ्या नास्तिक पोरीनं भर सभेत असं झोडपलं, की त्यानं वाद घालणंच सोडलं आणि पोरांच्या गोष्टी लिहीत बसला." सर हे सांगताना चष्मा काढायचे. आणि मी मागच्या बाकावर मनात ठरवून टाकायचो की ती पोरगी म्हणजे मी आणि तो भाविक म्हणजे तू. हे मी तुला कधी बोललो नव्हतो. आता सत्तरीत कबूल करायला हरकत नाही.

मग मी वाचायला लागलो. वेस्टगेटला सार्वजनिक वाचनालय आहे, उबदार, आणि म्हाताऱ्यांना उठवत नाहीत. जे सापडलं ते थोडक्यात सांगतो. म्हणजे थोडक्यात सांगणार नाही, तुला माहीतच आहे.

1941 ची गोष्ट, युद्ध चालू. सॉमरव्हिल हे तेव्हा फक्त मुलींचं कॉलेज होतं (मुलगे तिथे 1994 पासून). 1879 साली सुरू झालं तेच धर्माची अट न घालता. आपली कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, ती 1889 साली इथेच शिकायला आली. तर तिथल्या एका विद्यार्थिनीनं स्टेला अल्डविंकल नावाच्या बाईंकडे तक्रार केली. ह्या बाई विद्यार्थिनींच्या धार्मिक सल्लागार. तक्रार अशी, की प्रवचनं आणि धार्मिक मंडळं देव आहे हे धरूनच पुढे चालतात. ज्याला तिथेच अडखळायला होतं त्यानं जायचं कुठे? बाईंनी लगेच सूचनाफलकावर चिठ्ठी लावली, की नास्तिक, अज्ञेयवादी, आणि धर्मावरून मन उडालेले किंवा उडालंय असं वाटणारे, सगळ्यांनी या. "किंवा उडालंय असं वाटणारे" हे वाचून मी वाचनालयात मोठ्यांदा हसलो. आपल्या मंडळात निम्मे तसलेच होते. खवचट आठव. वर्षभर देव नाही म्हणून ओरडला आणि निकालाच्या आदल्या दिवशी गणपतीच्या देवळात सापडला.

विद्यापीठाच्या नियमानं मंडळाला एक वडीलधारा प्राध्यापक लागायचा, म्हणून बाईंनी लुईसला गाठलं. पहिली सभा 26 जानेवारी 1942 ला. दर सोमवारी संध्याकाळी. एकानं निबंध वाचायचा, विरुद्ध मताच्या दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, मग सगळ्यांनी तुटून पडायचं. आपला गुरुवार सरांनी ह्यावरूनच घेतला, फक्त सोमवारी त्यांचा उपास असायचा आणि उपाशीपोटी त्यांना वाद जमायचा नाही. नास्तिक वक्ते मिळेनात तेव्हा त्या लोकांनी मोठ्या माणसांच्या नामावलीत शोधून शोधून बोलावले. आपण काय केलं? तालुक्याच्या गावाहून अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या मास्तरांना एस.टी.चं भाडं देऊन आणलं, आणि ते येऊन ग्रहणावर दीड तास बोलले.

लुईसनं त्या मंडळाच्या छापील अंकाच्या प्रस्तावनेत एक गोष्ट सरळ मान्य केलीय. आम्ही तटस्थ असल्याचा आव आणत नाही. आखाडा ख्रिस्त्यांनीच बांधला, आव्हानही त्यांनीच दिलं. पण वाद एकदा सुरू झाला की तो कुणाच्या बाजूचा राहत नाही, त्याला स्वतःचा जीव असतो. हे वाचल्यावर मला कसंसंच झालं. आपला आखाडा कुणी बांधला होता रे? सर नास्तिक, मी चिटणीस म्हणजे नास्तिकांचा कारकून, विषय आम्ही काढायचो, आणि तू माळकरी, तुला आम्ही पैलवान म्हणून उतरवायचो. आणि वर निःपक्षपाती म्हणवायचो. त्यांच्यापेक्षा आपण खोटे.

आता त्या पोरीचं. एलिझाबेथ अँस्कम. 2 फेब्रुवारी 1948, सोमवार. ती 28 वर्षांची, सॉमरव्हिलमध्येच संशोधक, विटगेनस्टाइन ह्या तत्त्वज्ञाची शिष्या. लुईस 49 चा. सिगारचं खरं, पँट घालून हिंडायची तेही खरं. पण दिन्या, ती नास्तिक नव्हती! कट्टर कॅथलिक होती. पुढे सात लेकरांची आई. लुईसपेक्षा काकणभर जास्तच भाविक म्हण. देव आहे यावर दोघांचं एकमत. भांडण एवढंच, की लुईसनं चमत्कारांवरच्या पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात जो पुरावा दिला तो कच्चा आहे. म्हणजे आपल्याच दिंडीतल्या बाईनं आपल्याच वीणेकऱ्याची तार बेसूर आहे म्हणून सांगितलं. सरांनी पन्नास वर्षं (म्हणजे सर पन्नास कुठले, मी पन्नास वर्षं) ही गोष्ट उलटी सांगितली.

आणि तिचा मुद्दा काय होता ते ऐक, कारण इथून पुढे मी झोपलेलो नाही.

लुईसचं म्हणणं असं. निसर्गाबाहेर काही नाही असं धरलं, तर तुमचा प्रत्येक विचार म्हणजे मेंदूतल्या हालचालीचा परिणाम. अशा अविवेकी कारणांतून आलेल्या विचारावर विश्वास ठेवता येत नाही. मग "निसर्गाबाहेर काही नाही" हाही विचारच, त्यावर तरी कसा ठेवायचा? अँस्कमनं त्याला "अविवेकी" ह्या शब्दावर धरलं. दारू पिऊन, भीतीपोटी, आकसानं माणूस काही मानतो ती कारणं अविवेकी, तिथे संशय घे. पण मेंदूतली हालचाल ही नुसतीच विवेकाबाहेरची गोष्ट आहे, विवेकाच्या विरुद्ध नाही. एखादी गोष्ट माणसाच्या डोक्यात कशी आली हा एक प्रश्न, आणि ती खरी आहे का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा निकालात काढता येत नाही.

पुढे लुईसनं ते प्रकरण नव्यानं लिहिलं, 1960 च्या आवृत्तीत ते बदललेलं आहे. अँस्कमनंही नंतर लिहिलं, की त्यानं ते बदललं यातच त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. आणि बाकीच्यांनी काय सांगितलं बघ. लुईसचे काही मित्र म्हणाले, तो त्या संध्याकाळी पार खचला. एकजण तर म्हणाला, त्याचं सगळं हरपलं. अँस्कम म्हणते, कसलं काय, ती एक शांत, मुद्देसूद चर्चा होती, काही आठवड्यांनी आम्ही दोघं एकाच घरी जेवायला होतो, आणि त्याच्या मित्रांना जे वाटलं ते बहुधा त्यांच्याच मनातलं त्यांनी त्याच्यावर चिकटवलं. 1950 साली मंडळाला वक्ते हवे होते, तेव्हा लुईसनं स्वतः तिचं नाव सुचवलं. गमतीत लिहिलं, की बाईंनी मला पुसून टाकलंच आहे, तर आता माझी गादीही त्यांनीच चालवावी. त्याच 1950 मध्ये अँटनी फ्ल्यू ह्या तत्त्वज्ञानं तिथे तो अदृश्य माळ्याचा निबंध वाचला (कधीच न दिसणारा माळी आणि नसलेला माळी यांत फरक तो काय, असं विचारणारा), जो सरांना तोंडपाठ होता. आणि हा फ्ल्यू, जन्माचा नास्तिक, 2004 साली म्हातारपणी म्हणाला, की कुणीतरी आहे बहुतेक. खवचटला सांग. लुईस 1954 साली केंब्रिजला गेला आणि त्याचं अध्यक्षपद सुटलं. मंडळ मात्र 1972 पर्यंत चाललं, म्हणजे तीस वर्षं. आपलं तीन. त्यांचं बंद पडलं त्याच वर्षी आपलं सुरू झालं होतं, हे सरांना माहीत असेल का?

हे सगळं लिहून झालं, लेख जवळजवळ तयार. शेवटी आपल्या मंडळातली "ऐतिहासिक सभा" टाकायची म्हणून बारक्याला म्हटलं, इतिवृत्ताच्या वहीचे फोटो पाठव. लाल कापडी पाठीची ती वही अजून ग्रंथालयात आहे, कोपरे वाळवीनं खाल्लेत. त्यानं पान पाठवलं. गुरुवार, दि. 13 फेब्रुवारी 1975. विषय : तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत तरल्या का? निबंधवाचन : श्री. तू. उत्तर : श्री. मी. उपस्थिती 41. अक्षर माझं, ती निळी-काळी शाई, आणि ते गोल गोल वेलांटीचं वळण जे मी तेव्हा मुद्दाम काढायचो.

माझं उत्तर मी दीड पान लिहिलंय. कागद, शाई, पाणी, तेरा दिवस. आणि शेवटचा घाव असा (मी अक्षरशः "घाव" लिहिलंय, चिटणीस की बातमीदार!) : "वक्त्यांचा विश्वास हा त्यांच्या घरातील संस्कारांचा परिणाम आहे. वडिलांनी गळ्यात माळ घातली म्हणून ते मानतात. ज्या मताचे कारण असे दाखवता येते त्याला सत्य म्हणता येत नाही." त्याखाली : "सभेत शांतता पसरली. वक्त्यांच्या प्रतिपादनाचे पूर्ण खंडन झाले. अध्यक्षांच्या आभाराने सभा संपली."

हे वाचलं आणि मी बसच्या थांब्यावर खाली बसलो. बेंच ओला होता. अरे, ही तर लुईसची चूक! कारण दाखवलं की मत खोटं पडलं. अँस्कमनं ज्या फटीत बोट घातलं ती फट माझ्या भाषणात होती, मी नास्तिक असून. पन्नास वर्षं मी स्वतःला ती पोरगी समजत होतो.

पण हे अजून निम्मंच. फोटो मोठा करून बघितला, बोटांनी ताणून, जसं आता आपण सगळंच बघतो. "घाव" आणि "शांतता" यांच्या मध्ये दोन ओळी खोडलेल्या आहेत. नुसती आडवी रेघ नाही, गिरवून खोडलेल्या. तरी पहिल्या ओळीचं टोक वाचता येतं : "सतरा चोक".

आणि मग आठवलं. वीज गेली होती, शिपाईमामांनी कंदील टेबलावर आणून ठेवला होता आणि त्याची काच एका बाजूनं काळी झालेली. तू उठलास. तू कधीच पटकन उठायचा नाहीस, आधी धोतरा— नाही, तेव्हा पायजमा होता तुझा, तो सारखा करायचास. मला विचारलंस, "सतरा चोक किती?" मी म्हटलं अडुसष्ट. "कुणी शिकवलं?" मी म्हटलं वडिलांनी. "कसं?" मी म्हटलं छडीनं. सगळे हसले, मीपण हसलो. हसण्यात मला वाटलं तू विनोद केलास. मग तू आणखी एक वाक्य बोललास, आणि शांतता पसरली ती त्या वाक्यानंतर.

ती शांतता मी माझ्या नावावर लावून घेतली. सातबारा बदलावा तशी.

ते वाक्य मला आठवत नाही. दोन दिवस प्रयत्न केला. "मग छडीनं अडुसष्टाचं सत्तर होतं का" असं काहीसं असावं, पण हे मी आत्ता अँस्कम वाचून रचतोय की तू खरंच बोललास, सांगता येत नाही. तुझं वाक्य ह्याच्याहून सोपं होतं. तुझी वाक्यं नेहमी सोपी असायची, त्याचाच मला राग.

वही मी त्याच रात्री खोलीवर लिहिली. हे नक्की, कारण खोलीवर भडंग होतं आणि पानावर तेलाचा डाग आहे, तोही फोटोत दिसतो. म्हणजे आधी मी इमानदारीनं ते लिहिलं आणि मग गिरवून खोडलं. विसरलो असतो तर ठीक होतं. विसरलो नव्हतो.

पुढच्या गुरुवारी तू आला नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही सगळ्यांनी धरून चाललो, की दिन्या हरला म्हणून यायचा बंद झाला. मी ते लग्नांत सांगितलं, बँकेत सांगितलं, माझ्या जावयाला सांगितलं. तुझ्यासमोरसुद्धा सांगितलंय, तुझ्याच मुलाच्या मुंजीत, आणि तू फक्त जिलेबी वाढत राहिलास. मला आता कळत नाही, तू का नाही आलास? तात्यांचं दुखणं त्याच महिन्यात सुरू झालं होतं ना? की ते उन्हाळ्यातलं? की खरंच मंडळाचा कंटाळा आला, आमच्या आखाड्याचा? जूनमध्ये आणीबाणी आली, सरांनी मंडळ गुंडाळलं, आणि विचारायचं राहून गेलं. पन्नास वर्षं राहून गेलं म्हणजे मी विचारलं नाही.

(लाउडस्पीकरच्या पंचवीस रुपयांचा विषय ह्यात आणू नकोस. ते पंचवीस रुपये तूच दिलेस हे मी मान्य करत नाही, आणि करणारही नाही.)

काल बाबागाडी घेऊन बसनं खाली गावात उतरलो. मॅग्डलेनच्या पुलावरून, लुईस शिकवायचा त्या कॉलेजवरून. आधी मॅन्सफिल्ड रोडला वळलो, कारण तिथे मँचेस्टर कॉलेज (आता हॅरिस मँचेस्टर म्हणतात) आहे, आणि आपले विठ्ठल रामजी शिंदे 1901 ते 1903 तिथे धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला होते. जमखंडीचा माणूस! आपल्या गल्लीतलाच म्हण. तिथून चालत वुडस्टॉक रोडला सॉमरव्हिल. दारावरच्या माणसाला म्हटलं, इथे एक जुनं मंडळ होतं. त्याला काही ठाऊक नव्हतं, पण बाळ बघून आत सोडलं. मोठं हिरवळीचं चौक. इथल्या बहुतेक कॉलेजांत हिरवळीवर पाय ठेवू देत नाहीत, इथे ठेवू देतात. पोरी गवतावर बसून चिप्स खात होत्या. इतक्या थंडीत. मी थोडा वेळ उभा राहिलो. काही वाटलं नाही. नातू उठला, रडायला लागला, निघालो.

तर काम असं आहे. स्मरणिका ह्या महिन्याअखेर छापायला जाते. मला त्या सभेचं इतिवृत्त खोडलेल्या ओळींसकट छापायचंय. पण त्यातलं दुसरं वाक्य तुझं आहे आणि ते मला रचायचं नाही. एकदा रचून झालंय. तुला आठवत असेल तर लिहून पाठव. आठवत नसेल तर "आठवत नाही" असं लिही, मी तेही छापेन. आणि का आला नाहीस ते छापायला नको, फक्त मला सांग.

आणि माफी वगैरे मागू का? मागितली असती, पण तू पत्र मोठ्यानं वाचून सगळ्या घराला ऐकवतोस, त्यामुळे तोंडावर मागेन.

बाकी तुझं. द्राक्षांचं अवकाळीत काय झालं, छाटणी वाचली का? वहिनींचं मोतीबिंदूचं झालं असेल एव्हाना, त्यांना नमस्कार. धाकट्याच्या जमिनीच्या तारखा अजून चालूच का? यंदा वारीला जाणार असशील तर गुडघ्याला पट्टा लाव, मागच्या वर्षी फोटोत लंगडताना दिसलास. मी मे अखेरीस परततोय. लोणंदपर्यंत येईन म्हणतो, पुढे माझ्याच्यानं होणार नाही.

वहिनींनी (म्हणजे तुझ्या, म्हणजे माझ्या घरच्या) तुझ्यासाठी इथली लोकरीची टोपी घेतलीय. रंग विचारू नकोस.

बारक्याला मी सांगून ठेवलंय, पान थांबव, दिन्याचं उत्तर यायचंय. तो म्हणाला, दिन्या आणि उत्तर? मी म्हटलं, एकदा दिलं होतं त्यानं.

तुझा,
चिटणीस

ता. क. पोस्टानं पाठवायला उशीर होईल. तू कागदावर लिही आणि नातीकडून फोटो काढून घे. खोडलंस तरी चालेल, पण गिरवू नकोस.